पाठ टेकली की टेकली

तुमच्या आजोबांच्या मावसभावाइतका खरा माणूस मी साऱ्या बीड जिल्ह्यात पाहिला नाही, आणि त्यांच्याइतका ताप देणाराही दुसरा कोणी पाहिला नाही. तुम्ही दोघं तिकडे टीव्हीवर ती रंगीबेरंगी चड्ड्या घातलेल्या मल्लांची कुस्ती बघता असं तुमची आई फोनवर म्हणाली, तेव्हा ठरवलं की त्यांची गोष्ट तुम्हाला सांगायचीच. कारण तसल्या कुस्तीचा एक खेळ आपल्या वडवणीतही झाला आहे, आणि तो सुरू होताच बंद पाडायचं श्रेय सर्वस्वी त्यांचं आहे.

ते एसटीत कंडक्टर होते, पण ती केवळ पोटापाण्याची सोय. खरा धंदा पंचाचा. वडवणीच्या जत्रेत कुस्त्या होतात आणि त्यांचा नियम तुमच्या टीव्हीसारखा नाही. तिथे कोणी एक-दोन-तीन मोजत बसत नाही. दोन्ही खांदे मातीला लागले, की माणूस चितपट. कुस्ती संपली, हलगी वाजली, फेटा बांधला, घरी जा. खांदे लागले की नाही हे पंच सांगतो, आणि कितीतरी वर्षं ते हेच सांगत होते. त्याची त्यांना इतकी सवय झाली, की समोर दोन माणसं उभी दिसली की त्यांच्यातला एक हरला आहे असं ते गृहीतच धरत. एकदा त्यांच्या बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यावरून दोघे हमरीतुमरीवर आले. यांनी गाडी थांबवली, दोघांचं म्हणणं ऐकून घेतलं, आणि निकाल दिला: ‘रुमाल टाकला तवा गाडी हालत व्हती. हालत्या गाडीतला रुमाल बाद.’ मग त्या जागेवर तिसऱ्याच एका म्हातारीला बसवलं. निकाल चांगला होता हे मी मान्य करते. पण मांजरसुंब्याच्या फाट्यावर तोवर मागे गाड्यांची रांग लागली होती, आणि तिच्यातल्या एकाही ड्रायव्हरला न्यायदानात रस नव्हता.

घरी तर विचारूच नका. त्यांची बायको, म्हणजे माझी जाऊ, नळावर शेजारणीशी भांडत असताना हे दाढीचा साबण तसाच ठेवून बाहेर आले आणि शेजारणीच्या बाजूने निकाल देऊन परत दाढी करायला गेले. मुलीच्या लग्नात जेवणाची पंगत कोणामुळे रखडली यावर व्याही रागावले, तेव्हा यांनी भर मांडवात चौकशी करून सांगितलं की चूक मुलीकडच्यांची, म्हणजे स्वतःचीच. व्याही इतके गोंधळले, की मानपानाचं सगळं विसरून जेवायला बसले. मी जावेला म्हटलं, तुला यांच्याशी संसार करायला काय वाटतं? ती म्हणाली, ‘वैनी, चूक माझी असली तर त्येंच्यापासून लपत न्हाई, आन नसली तर त्ये बी साऱ्या गावाला ऐकू जातं. काय वाईट हाय?’

पण खरेपणा पुढाऱ्यांच्या गावात फार दिवस टिकत नाही, निदान खुर्चीवर तरी. वडवणीत एक पुढारी होते. त्यांचं नाव सांगत नाही, कारण त्यांनी स्वतःच ते प्रत्येक खांबावर लावून ठेवलेलं आहे. एका जत्रेत त्यांच्या आवडीच्या पैलवानाला तुमच्या या आजोबांनी चितपट दिलं. पुढच्या जत्रेत पंचांच्या रांगेत त्यांची खुर्ची नव्हती. त्या जागी पुढाऱ्यांच्या साडूची खुर्ची होती.

त्या वर्षी ते वाळले. निकाल देणं बंद झालं नाही, पण त्यात जोर राहिला नाही. भाजीवाल्याच्या तराजूकडे बघूनही गप्प बसले, म्हणून जाऊ मला फोन करून रडली. आणि अशात पुढाऱ्यांच्या वाढदिवसाची टूम निघाली. त्यांचा भाचा बीडच्या जिममध्ये जाऊन दंड फुगवून आला होता, आणि त्याला ‘टीव्हीवाली कुस्ती’ करून दाखवायची होती. मातीत उतरणार नव्हता तो. मातीत खरा पैलवान भेटतो. पुढाऱ्यांनी यांना बोलावून सांगितलं, काका, सगळं तुम्ही उभं करा, पंच तुम्हीच व्हा, भाचा तेवढा जिंकला पाहिजे. मग जत्रेत तुमची खुर्ची तुम्हाला.

ते हे सांगायला बीडला माझ्याकडे आले, कारण त्यांना घोषणा इंग्रजीतून हव्या होत्या. मी विचारलं, ‘भाऊजी, म्हणजे खोटा निकाल द्यायचा?’

‘खोटा कसा? नाटकात मेलेला मानूस पडद्यामागं जाऊन चहा पितो, त्याला काय कोनी खोटारडा म्हनतं का? तसंच हे. समद्यांला ठाव हाय.’

‘तुम्हाला जमेल?’

‘खुर्ची पायजे, वैनी,’ ते म्हणाले, आणि चहा न पिताच उठले.

मग त्यांनी जे उभं केलं ते बघण्यासारखं होतं. मंडपवाल्याचा लग्नाचा स्टेज, त्यावर लग्नातल्याच गाद्या, वर ताडपत्री. चारी बाजूंनी विहिरीचे दोर, त्यांना सॅटिनच्या झालरी गुंडाळलेल्या. एकूण देखावा असा, की कोणत्याही क्षणी नवरी येऊन बसेल. भाच्याचं नाव ‘मराठवाड्याचा बिबट्या’. त्याच्याविरुद्ध ‘काळा यम’, म्हणजे मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर तंदूर सांभाळणारा, बैलासारखा दणकट आणि गायीसारखा गरीब माणूस. तो पूर्वी खरोखर मातीत लढलेला होता. त्याचा मुखवटा जावेने ब्लाउजच्या अस्तरातून शिवला होता, आणि त्यातलं एक भोक डोळ्यावर तर दुसरं गालावर येत होतं. ठरलं होतं असं: यमाने बिबट्याला उचलून टाकायचं, वर बसायचं, पंचांनी ‘एक, दोन’ म्हणायचं, आणि दोनवर बिबट्याने उसळून उठायचं. मग यमाने पंचांच्या पाठीमागे बिबट्याला खुर्ची मारायची, पंचांनी ती बघायची नाही, आणि शेवटी बिबट्या जिंकायचा. ती खुर्ची न बघण्याची तालीम त्यांना सगळ्यांत जड गेली. दर वेळी ते मागे वळत. ‘आवाज आला तर बघनारच की बे,’ ते यमालाच दटावत.

वाढदिवसाच्या दिवशी बाजाराचं मैदान भरलं होतं. पुढारी सोफ्यावर, आम्ही बायका बाजूच्या खुर्च्यांवर. घोषणा झाल्या, माझ्या इंग्रजीचा निवेदकाने जो चुराडा केला, तो दिवसातला पहिला खरा चितपट होता. बिबट्या अंगाला तेल चोपडून आला. यम आला, दोरात पाय अडकून पडला, टाळ्या घेऊन उठला. जरा वेळ एकमेकांना हाका मारून झाल्या, आणि ठरल्याप्रमाणे यमाने बिबट्याला उचललं.

नेमका त्या वेळी मुखवटा सरकला आणि दुसराही डोळा झाकला गेला. अंधारात माणूस हाताला जे येतं तेच करतो. यमाच्या हाताला त्याची जुनी कुस्ती आली. त्याने बिबट्याला असा घातला, की गाद्यांतून वर्षानुवर्षांची धूळ उठली. दोन्ही खांदे सपाट. तुमचे हे आजोबा पोटावर आडवे झाले, गाल ताडपत्रीला लावून खाली बघितलं, आणि म्हणाले, ‘एक.’

मग थांबले. सगळं मैदान थांबलं. बिबट्या ‘दोन’ची वाट बघत पडून राहिला होता, त्याला शिकवलं होतं तसं. ‘म्हना की, काका,’ तो कुजबुजला, ते आम्हाला स्टेजवरच्या माइकमधून ऐकू आलं. त्यांनी एकदा सोफ्याकडे बघितलं. आपल्याला काय गमवावं लागणार आहे ते त्यांना पूर्ण ठाऊक होतं, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट पाहिलं. मग ते उठले, शिट्टी फुंकली आणि यमाचा हात वर केला.

हलगीवाल्याला नाटकाचं कोण सांगणार. पाठ टेकली, पंचांनी हात वर केला, त्याने जिंकल्याची हलगी वाजवली. म्हातारे धोतर सावरत उठले. भाच्यासाठी आणलेला फेटा कोणीतरी यमाच्या मुखवट्यावरच बांधला, त्यामुळे उरलंसुरलं दिसणंही बंद झालं. तो बिचारा घाबरून म्हणत होता, ‘काका, आवो मला हारायचं हाय.’

‘हारायचं व्हतं तर पाडलंस कावून बे?’

पुढाऱ्यांनी माइक मागवून जाहीर केलं, की ही सुरुवातीची झलक होती, खरी कुस्ती आता परत लावू. यावर हे म्हणाले, ‘कुस्ती येकदाच व्हती, सायेब.’ आणि मैदान उठून घरी गेलं. केकची रांग मात्र शिस्तीत लागली.

परतीच्या वाटेवर मी त्यांना चांगलं झापलं. म्हटलं, सगळ्यांना माहीत होतं नाटक आहे, तुम्हीच म्हणालात. ते म्हणाले, ‘नाटकच व्हतं, वैनी. पन पाठ खरीच टेकली ना.’

त्यानंतरच्या जत्रेला मी हट्टाने त्यांच्यासोबत गेले. पंचांच्या रांगेत साडूच बसला होता. आम्ही लांब, बांधावर. शेवटची मोठी कुस्ती वादात पडली. एक पैलवान पालथा होता की उताणा, यावर गलका झाला, आणि साडूने पुढाऱ्यांच्या सोफ्याकडे बघून निकाल दिला. आमच्या पुढे बसलेली माणसं एकेक करून मागे वळली. एकाने विचारलंच, ‘काका, टेकली का वो? तुमी सांगा.’

मुलांनो, नळावरच्या भांडणात न विचारता पडणारा हा माणूस. मला वाटलं, आता हे उभे राहतील. ते हललेसुद्धा नाहीत.

‘हितून दिसत न्हाई,’ ते म्हणाले. ‘लांबून निकाल देऊ न्हाई.’

आणि खाली फेटा बांधून घेत असलेल्या पैलवानासाठी त्यांनी, रीत म्हणून, टाळ्या वाजवल्या.