शांतामावशींच्या रक्तातली बेचकी

वॉर्ड झाडताना शांतामावशींच्या बोटात काविळीच्या रुग्णाची सुई घुसली होती. आज त्यांच्या रक्ताचा रिपोर्ट मी स्टाफरूममध्ये वाचून दाखवला. "घाबरू नका, पूर्वी घेतलेल्या लशीची प्रतिपिंडं भरपूर आहेत."

गलोलीच्या बेचक्यासारखी ही इवली प्रथिनं दोन्ही टोकांनी काविळीचा नेमका तोच विषाणू पकडून ठेवतात. ती घराण्याकडून मिळत नाहीत. ज्याच्या त्याच्या रक्ताला ती स्वतः घडवावी लागतात. समोरच्या बाईंनी ती घडवली होती, आणि अभिमानानं माझीच मान ताठ झाली.

"मोठ्या डॉक्टरांची वेगळी असतील ना गं?"

"अगदी अशीच, मावशी."

"मग आम्हा झाडणाऱ्यांचे कप खिडकीत वेगळे कशाला?" म्हणत त्यांनी टेबलावरच्या डॉक्टरांच्या कपात चहा ओतला आणि खुर्चीवर बसून सावकाश प्यायल्या.