गाडी लागली

लग्नाला तीन महिने झाले होते आणि नवऱ्याशी माझं अजून धड बोलणं झालं नव्हतं. हसू नका, खरं सांगते. लग्नानंतर आठव्या दिवशी हे मुंबईला कामावर गेले, ते मे महिन्यात दहा दिवसांच्या रजेवर घरी आले. मला एकच गोष्ट विचारायची होती, मला मुंबईला कधी नेणार? पण माणसांनी भरलेल्या घरात तेवढं विचारायलाही कोपरा सापडेना. विहिरीवर गेले तर नणंद, परसात गेले तर चुलतसासू. रजा संपायला दोन दिवस उरले, तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "रत्नागिरीवरून गणपतीपुळ्याला जाऊन या दोघं." देवाच्या नावावर अख्खा दिवस मिळाला! मला आभाळ ठेंगणं झालं.

ह्यांनी सगळा बेत कागदावर लिहून काढला. सकाळी गावातून रत्नागिरी, तिथून दहाची पुळ्याची गाडी, दर्शन, जेवण, लगेच परतीची गाडी, पाचची गावाची. श्वास घ्यायलाही जागा ठेवली नव्हती.

गावापासून रत्नागिरीपर्यंत नुसती वळणं. मला दोनदा उलटी झाली. "तुला गाडी लागते, हे सांगितलं नाहीस," हे म्हणाले. मी म्हटलं, "विचारलंत कधी?"

स्टँडवर उतरल्यावर जरा बरं वाटलं. हे चौकशीच्या खिडकीकडे गेले, मी पिशव्या सांभाळत उभी राहिले. तेवढ्यात पुळ्याची गाडी आली आणि काय ती झुंबड! मी पदर खोचला, खिडकीतून ह्यांचा रुमाल सीटवर टाकून जागा धरली आणि ओरडले, "अहो! अहो, गाडी लागली!"

नवऱ्याला नावाने हाक मारायची सोय नव्हती तेव्हा. त्या 'अहो'ला दहा पुरुषांनी माना वळवल्या. ह्यांनीही वळून पाहिलं, कपाळावर हात मारला आणि स्टँडच्या बाहेर धूम ठोकली.

आता आमच्याकडे गाडी फलाटाला येऊन उभी राहिली तरी ती लागते, आणि पोटात ढवळून आलं तरी गाडीच लागते. हे गेले लिंबू आणायला! कंडक्टरने घंटी मारली. मी "थांबा, थांबा" करत मागे धावले, पण ऐकतो कोण? गाडी गेली. रुमालाला तेवढं देवदर्शन घडलं.

मासळी विकून रिकामी टोपली घेऊन बसलेली एक बाई पोट धरून हसत होती. "अगो बाय, घोव पळाला की काय तुझा?" माझा नुसता भडका उडालेला. तेवढ्यात हे धापा टाकत आले, दोन्ही हातांत लिंबं. "घे, हुंग. गाडी कुठाय?"

"गेली! लागली म्हणजे फलाटाला लागली होती. कान काय मुंबईला ठेवून आलात?"

हे त्या लिंबांकडे असे बघत राहिले, की मलाच फिसकन हसू आलं. मग ते हसले. ती टोपलीवाली तर डोळे पुसायला लागली.

पुढची गाडी दुपारी होती. ह्यांनी कागद काढला, "दोनची धरली तर..."

"तर घरी उद्या पोचू. ठेवा तो कागद. समुद्र इथे नाही की काय?"

आम्ही विचारत विचारत पायीच मांडवीच्या किनाऱ्याकडे निघालो. सासूबाईंनी पुळ्याच्या देवासाठी दिलेला नारळ वाटेतल्या देवळात वाढवला. देव तिथला वेगळा आणि इथला वेगळा थोडाच असतो! आणि मग एका वळणावर एकदम समुद्र दिसला. वीस वर्षं मी त्याच्यापासून दोन तासांवर राहत होते, पण पाहिला नव्हता. अगो, केवढा! मी चपला हातात घेतल्या आणि काळ्या वाळूतून धावतच सुटले. लाटेने गुडघ्यापर्यंत लुगडं भिजवलं तरी मला भान नाही. "अगं, हळू, लोक बघतायत," हे मागून म्हणत होते. बघू देत की! मग बर्फाचा गोळा खाल्ला, धक्क्याच्या टोकापर्यंत गेलो, आणि तिथे वाऱ्यात बसून मी विचारलं, "मला मुंबईला कधी नेणार?"

ह्यांनी गाड्यांचा तो कागद काढला आणि चुरगळला. मग म्हणाले, "खोली नाही गो. गावकीच्या खोलीत आम्ही गावचे चौदाजण राहतो, सगळे बाप्ये. तुला सांगायची लाज वाटली. तू विचारशील म्हणूनच दिवसभराच्या गाड्या लिहून ठेवल्या होत्या."

मला रागही आला आणि भरूनही आलं. एवढा मोठा माणूस, माझ्या एका प्रश्नाला घाबरून एसटीच्या आड लपत होता!

"दुसरं काहीच मिळत नाही?"

"एक पोटमाळा मिळतोय. पण वाकून वावरावं लागतं. चाळीला नळ एकच, तो पहाटे चारला येतो, आणि बायका तिथे एकमेकींच्या झिंज्या उपटतात. तुझा कसा निभाव लागायचा?"

"वाकेन मी. आणि भांडणाचं माझ्यावर सोडा."

ह्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हासुद्धा इतकं नीट पाहिलं नव्हतं.

महिन्याभराने पत्र आलं, रीतीप्रमाणे मामंजींच्या नावाने. त्यांनी ओटीवर बसून मोठ्याने वाचलं. तब्येती, पाऊसपाणी, सगळ्यांना नमस्कार. शेवटच्या ओळीला ते अडखळले. चष्मा पुसून पुन्हा वाचलं, "सुनेस सांगावे की नळ पहाटे चारला येतो."

"हे काय लिहिलंय त्याने?" सासूबाई म्हणाल्या.

मी आत ट्रंक भरायला घेतली होती.