रविवारी सहाला, चौघी हजर

माणसं जमली की किस्से साठतात, असं मला वाटायचं. माझं उलटं झालं. ज्यांच्याबरोबर ते घडले त्या एकेक करून पांगल्या आणि किस्से तेवढे माझ्याकडे राहिले. दुसऱ्या कोणाला सांगायला जावं तर आधी अर्धा तास व्हॉलीबॉल समजावून सांगावा लागतो, आणि तोवर त्यातलं हसू पार वाळून जातं! म्हणून आज समजावत बसत नाही. एवढंच ध्यानात ठेवा की एका बाजूला सहा जणी लागतात.

स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली असतील. आमच्या बाजूला तेव्हा कॉलेज नव्हतं, आम्ही मुंबईला जायचो. कॉलेजच्या मुलींच्या टीममध्ये नऊ जणी. दोघी त्या वर्षी बी.ए. होऊन जाणार होत्या, तिघी मुंबईतच राहायच्या, आणि आम्ही चौघी या लाइनवरच्या. विमल कल्याणची, आमची कॅप्टन, उंच आणि घोगऱ्या आवाजाची. इंदू कोपरीची, दिवसातून चार वाक्यं बोलणारी. मंदा आणि मी डोंबिवलीच्या.

जानेवारीत मॅचेस संपल्या. आमच्या पीटीच्या बाईंनी सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि म्हणाल्या, "सीझन संपला, खेळ संपलेला नाही. जूनमध्ये सहा जणी उभ्या राहिल्या नाहीत तर टीमचं नाव काढून टाकणार आहेत. मला तसं बजावलंय."

मग एक जुना बॉल माझ्या हातात ठेवला. "तुमच्या घरामागे मोकळी जागा आहे ना? रविवारची प्रॅक्टिस तुझ्याकडे."

मी तो बॉल पोटाशी धरून घरी आणला. आईने तो बघितला, हातात घेतला, जमिनीवर ठेवला, तर तो निघाला गडगडत! तेव्हा तिने माठाखालची चुंबळ काढली, कोपऱ्यात ठेवली आणि वर बॉल बसवला. वडील ऑफिसातून आले, कोट काढता काढता म्हणाले, "कलिंगडं लवकर आली या वर्षी."

\* \* \*

बॉल आला, पण नेटचं काय? आम्ही दोन आठवडे लुगडं वाळत घालायची दोरी बांधून खेळलो. बॉल दोरीवरून गेला की खालून, यावरून विमल आणि मंदा खऱ्याखुऱ्या भांडायला लागल्या.

इंदू म्हणाली, "आमच्याकडे खाडीवर एक म्हातारेबाबा जाळी विणतात. विचारू?"

आम्ही चौघी कोपरीला गेलो. बाबा मचव्याच्या सावलीत पाय पसरून बसले होते, अंगठ्यात सूत अडकवलेलं. विमलने हातांनी लांबी-रुंदी दाखवली. त्यांनी मान डोलावली. मग विचारलं, "कंची मासली धराची?"

"मासळी नाही हो बाबा, बॉल."

"मंग बॉल धराचा जाल्यान?"

"नाही नाही! बॉल जाळ्यात अडकला तर आम्ही हरलो. तो वरून पलीकडे गेला पाहिजे."

बाबांनी विणणं थांबवलं. आमच्या चौघींच्या तोंडाकडे आळीपाळीने बघितलं. मग फार कळवळून म्हणाले, "पोरींनो, जाल्यान काय धराचाच नाय, तं जालं कनाला?"

विमलने पुन्हा एकदा हातांनी लांबी-रुंदी दाखवली. पण जाळी मात्र त्यांनी अशी विणून दिली की तसं नेट कॉलेजातही नव्हतं.

\* \* \*

आमच्या शेजारी नाना राहायचे. सोवळ्याओवळ्याचं त्यांच्याकडे फार. त्यांची भाजीची वाडी होती, तिला विहीर. एका रविवारी मंदाने सर्व्हिस मारली ती नेटवरून गेली, कुंपणावरून गेली आणि थेट विहिरीत!

नाना संध्या सोडून धावत आले. "चामडं! माझ्या विहिरीत चामडं!"

आम्ही तिघी माना खाली घालून उभ्या. विमल मात्र शांतपणे विहिरीवर बांधलेल्या मोटेकडे बघत होती. म्हणाली, "नाना, ही मोट कशाची असते हो?"

नाना थबकले. मोट तर सबंध चामड्याची, आणि रोज त्याच विहिरीत बुडायची. क्षणभर वाटलं, जिंकलो आपण! पण नाना मागे हटणारे नव्हते. बोट उगारून म्हणाले, "मोट कधी उड्या मारते का?"

बॉल आम्हाला परत मिळाला. शिवाय त्या दिवसापासून नाना रविवारी सकाळी कुंपणाशी संध्येला बसायला लागले. बॉलवर लक्ष ठेवायला म्हणे. एकदा मी मारलेला बॉल रेषेवर पडला, तर डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाले, "आत आहे!"

\* \* \*

मार्चमध्ये मंदाला बघायला पाहुणे आले. मदतीला मी गेलेले, म्हणून हे डोळ्यांदेखत घडलं.

मुलगा, त्याची आई आणि त्याचे काका. मंदा पोहे घेऊन आली, बसली. भरतकाम झालं, स्वयंपाक झाला, गाण्याचं विचारून झालं. मग काकांनी विचारलं, "आणखी विशेष काय येतं?"

मंदाला खोटं बोलता यायचं नाही. म्हणाली, "माझी सर्व्हिस चांगली आहे."

काकांची बशी हातातच राहिली. "सर्व्हिस? कुठे?"

"कॉलेजात. सगळ्यात जोरात माझीच."

"हे बघा," काका मंदाच्या वडिलांकडे वळून म्हणाले, "आमच्या घरात बायका सर्व्हिस करत नाहीत. आधी सांगायला हवं होतंत!"

मंदाचे वडील घामाघूम. आणि एवढ्यात तो मुलगा, तोवर खाली बघत बसलेला, एकदम मोठ्याने हसला. त्या खोलीत गंमत कळलेला माझ्याशिवाय तो एकटाच. त्या हसण्यावर मंदाने त्याला होकार दिला, असं ती नंतर मला म्हणाली.

वैशाख लागताच लग्न झालं. नागपूरकडचं सासर. वरातीत तिने मला जवळ ओढलं आणि कानात म्हणाली, "माझ्या जागी कोण उभी राहणार गं?"

मी म्हटलं, "तू जा तर खरी. बघू आम्ही."

कोण उभी राहणार होती? डोंबिवलीत माझ्या वयाच्या मुली ढीग होत्या. मी तीन घरी विचारून आले. पहिल्या घरी म्हणाले, मुलगी काळी पडेल. दुसऱ्या घरी म्हणाले, हात मोडला तर लग्न मोडेल. तिसऱ्या घरी मुलगी तयार होती, पण तिच्या आईने मलाच विचारलं, "तुझं अजून कुठे जमलं नाही का?"

\* \* \*

विमल प्रॅक्टिसचा निरोप पोस्टकार्डावर पाठवायची. 'रविवारी सहा. उशीर चालणार नाही. - कॅप्टन.' बस, एवढंच. पोस्टकार्ड म्हणजे उघडा मामला. आमचे पोस्टमन ते वाटेतच वाचायचे आणि फाटकातूनच ओरडायचे, "ताई, या रविवारी साडेसहा केलंय हो! कॅप्टनबाईंकडे पाहुणे आहेत!" सगळ्या आळीला आमचं टाइमटेबल पाठ झालं होतं. एकदा तर कार्ड द्यायच्या आधी त्यांनी मला दम दिला, "गेल्या वेळी उशीर केलात म्हणे. बरं नाही ते!"

एप्रिलच्या शेवटी एका दुपारी ते आले. फाटकातून हाक नाही. आत आले, पायरीपर्यंत आले, कार्ड माझ्या हातात दिलं, उलटं. टोपी सारखी केली आणि गेले.

विमलच्या वडिलांची एक बाजू लुळी पडली होती. तिने आंबिवलीजवळच्या एका शाळेत मास्तरणीची नोकरी धरली होती. कॉलेज सोडलं होतं. शेवटी लिहिलं होतं, 'आता टीम तू सांभाळ.' आणि खाली, पहिल्यांदाच, 'कॅप्टन' नव्हतं. नुसतं 'विमल' होतं.

पोस्टमन पुढे कितीतरी दिवस माझी पत्रं न वाचता द्यायचे. वाचा म्हणावंसं वाटायचं मला.

\* \* \*

इंदू राहिली होती. दोघीत तरी खेळू म्हणून मी तिची वाट बघायची. सलग दोन रविवार ती आली नाही. तेव्हा बॉल पिशवीत घालून मीच कोपरीला गेले.

इंदू ओटीवर बसली होती, मांडीवर पंधरा दिवसांचं मूल. तिची मोठी बहीण बाळंतपणात गेली, ते मला तिथे कळलं. मी पिशवी मागे सरकवली, तरी बॉल दिसायचा तो दिसलाच.

"पुढच्या महिन्यात लग्न आहे," इंदू म्हणाली. "भावोजींशीच. याला बघायला कोणीतरी हवं ना."

उद्या घरात कोणती भाजी करायची आहे, तेवढ्याच आवाजात सांगितलं तिने.

"तुला विचारलं का कोणी?"

"विचारलं की. आईने विचारलं. रडत विचारलं."

मूल कुरकुरायला लागलं. इंदूने ते उचललं. दहाही बोटं मोकळी, कोपरं वाकलेली, नजर त्याच्यावरून हलत नाही. बाईंनी वर्षभर आम्हाला हेच शिकवलं होतं आणि टीममध्ये ते सगळ्यात सुरेख इंदूला जमायचं. ती हसली. फार दिवसांनी हसत असावी.

"एक बरं आहे," म्हणाली. "खाली पडू द्यायचं नाही, एवढं तरी मला येतं."

\* \* \*

मग उरलेला मे महिना मी एकटी. सकाळी उठून नेट बांधायचे. एका बाजूने बॉल उंच उडवायचा, नेटखालून वाकून पलीकडे पळायचं आणि तो पडायच्या आत उचलून परत इकडे पाठवायचा. पुन्हा वाकायचं, पुन्हा पळायचं. दहा-बारा वेळा जमलं की खूप झालं.

आमच्या खेळात एक रीत आहे. वरून येणारा बॉल कोण घेणार ते ओरडून सांगायचं, नाहीतर दोघींची टक्कर होते. 'माझा!' म्हणायचं. तोंडाला ते इतकं बसलेलं की एकटी खेळतानाही मी ओरडायचे. "माझा!"

एक दिवस आई मागच्या दारात उभी राहून बराच वेळ बघत होती. हातातल्या ताटात निवडायचे तांदूळ तसेच. शेवटी म्हणाली, "तुझाच आहे गं. दुसरं कोण आहे तिथे?"

चिडवायला म्हणाली नाही ती. पण बोलून गेल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं असावं. ताट खाली ठेवून आली, नेटपाशी उभी राहिली. "मी काय करू?" म्हणाली. मी बॉल हळूच टाकला. तिने तो पदरात झेलला आणि घाबरून तिथेच धरून ठेवला!

\* \* \*

जूनमध्ये काय झालं तेही सांगून टाकते. कॉलेज उघडलं, जिमखान्यापुढे मुंबईच्या तिघी आल्या आणि मी. सहा काही झाल्या नाहीत. नाव निघालं. दोन वर्षांनी टीम पुन्हा उभी राहिली म्हणतात, पण तोवर मी बी.ए. होऊन बाहेर पडले होते.

पण मला सांगायचाय तो किस्सा त्याच्या आधीचा, मेच्या शेवटच्या रविवारचा.

बाईंचा हुकूम होता, की दर पंधरा दिवसांनी प्रॅक्टिसचं पत्र पाठवायचं. सुरुवातीला मी खरं लिहायचे, 'चौघी हजर, प्रॅक्टिस छान.' मंदा लग्न होऊन गेली तेव्हा वाटलं, बाईंचा आत्ताच कशाला हिरमोड? लिहिलं, 'चौघी हजर.' विमलचं कार्ड आलं त्या आठवड्यात पेन बराच वेळ हातात धरून बसले, मग लिहिलं, 'चौघी हजर. विमलचा स्मॅश सुधारतोय.' इंदूच्या घरून आल्यावर तर मी सुटलेच. कोणाला सर्दी झाली, कोण दमते, कोणाचा पाय मुरगळून बरा झाला, सगळं चौघींचं सविस्तर!

तर त्या रविवारी मी नेटखालून वाकून पलीकडे निघाले, तर कुंपणाशी बाई उभ्या. पांढरं पातळ, पायात कॅनव्हासचे बूट, हातात छत्री. कधीपासून बघत होत्या कोण जाणे. सव्वासहा झाले होते.

"बाकीच्या?" बाईंनी विचारलं.

"येतील," मी म्हटलं. कसं म्हटलं, मला माहीत नाही.

बाई आत आल्या, दगडावर बसल्या. साडेसहा झाले.

"कल्याणची गाडी लेट असेल," मी म्हटलं.

"असेल."

पावणेसात. "इंदूकडे आजारपण आहे ना, तिला निघायला जरा..."

"हं."

"मंदा तर इथलीच. तिला काय, ती कधीही..." मी नेटची गाठ पुन्हा आवळली. बाईंनी वाक्य पुरं करायला सांगितलं नाही.

सात वाजता बाई उठल्या. आता जाणार, असं मला वाटलं. त्यांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं, रुमालात गुंडाळलं, दगडावर ठेवलं. पदर कमरेला घट्ट खोचला. नेटच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या आणि हात पुढे केला.

"बॉल."

दोन वर्षांत मी बाईंना खेळताना कधी पाहिलं नव्हतं. शिट्टी वाजवायच्या, ओरडायच्या, चुका सांगायच्या. त्या दिवशी त्या खेळल्या. चाळिशीच्या बाई, एकट्या, पण पुढे त्याच, मागे त्याच, कोपऱ्यात त्याच! पहिल्या तीन सर्व्हिस मला दिसल्यासुद्धा नाहीत. चौथी मी उचलली. पुढे तासभर बॉल इकडून तिकडे जात राहिला. ऊन चढलं, नाना संध्या आटोपून घरात गेले, तरी आम्ही खेळतच होतो.

मग बाईंनी बॉल थांबवला. विहिरीवर जाऊन तोंड धुतलं. आईने कोकमाचं सरबत आणलं ते उभ्याउभ्याच प्यायल्या, आईची विचारपूस केली. घड्याळ बांधलं. मी फाटकापर्यंत पोचवायला गेले. मान वर करायची हिंमत होत नव्हती.

फाटकाबाहेर गेल्यावर बाईंनी छत्री उघडली आणि वळल्या.

"पुढच्या रविवारी मी पुन्हा येते. सहाला. त्या तिघींनाही सांगून ठेव, उशीर मला खपत नाही."

"हो बाई," मी म्हटलं. "सांगते."