गॅसवाल्या मामांची चाल

गल्लीत त्यांना सगळे गॅसवाले मामा म्हणत. भरलेली टाकी उजव्या खांद्यावर टाकली की मामा जिना धडाधड चढून जात. मध्ये टेकायचं नाही की थांबायचं नाही, हा त्यांचा धर्म. "ओझं घेऊन थांबलं की ओझं दुप्पट होतं," असं ते सोबत्यांना सांगत, आणि ते काही खोटं नव्हतं.

गल्लीतल्या एका इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर एक बाई राहत; त्या मोहिमा काढून लोकांना डोंगरांवर घेऊन जात. त्यांच्या स्वयंपाकघरात एका बर्फाच्या शिखराचा फोटो होता. टाकी जोडताना मामा त्याच्याकडे बघत राहायचे. एकदा विचारूनच टाकलं, "बाई, आमच्यासारख्याला जाता येईल का हो तिथं?"

"सराव केलात तर का नाही?" बाई म्हणाल्या.

झालं! बातमी गल्लीभर झाली. "मामा, तुम्ही तर रोजच डोंगर चढता," म्हणत लोकांनी त्यांना आधी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. मामी तेवढ्या म्हणाल्या, "दुरून डोंगर साजरे." पण म्हणता म्हणता त्यांनीच जुन्या सॅकच्या पट्ट्यांना आतून जाड कापड शिवून दिलं. मेहुण्यानं लोकरीची टोपी दिली. बूट मात्र नवे घेतले, आणि ते पायात रुळावेत म्हणून मामा कामावरही तेच घालून जाऊ लागले. प्रत्येक दारात कुणी ना कुणी ओरडायचं, "बूट बाहेर काढा हं!" मग खांद्यावरची टाकी खाली ठेवून मामा त्या लांबलचक नाड्या सोडवत बसायचे. जन्मात कधी टेकले नव्हते, ते असे दारोदार टेकू लागले.

पहिल्या सरावाला बाईंनी शिखरावर येणाऱ्या सगळ्यांना गावाबाहेरच्या टेकडीवर नेलं. सॅक पाठीवर चढताच मामांचे पाय ओळखीचा जिना दिसल्यासारखे सुटले. बाईंनी मागून हाका मारल्या, पण थांबतील ते मामा कसले! अर्ध्या वाटेवर मात्र छातीचा भाता झाला, पोटातलं सगळं बाहेर आलं आणि मामा एका दगडावर मटकन बसले. बाकीची मंडळी गप्पा मारत आरामात येऊन पोचली.

"मामा, जिना संपतो. डोंगर लवकर संपत नाही," बाई म्हणाल्या. "वर हवा विरळ. तिथं असे बसलात तर तुम्हाला कोण आणणार खाली? पुढच्या सरावाला सगळ्यांबरोबर धड वर पोचलात तरच नेईन."

मामा घरी आले ते तोंड पाडूनच. जेवताना म्हणाले, "हळू चालायला जमतच नाही गं मला."

"ते मला विचारा," मामी म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून तुमची पाठ बघत चालतेय. उद्यापासून माझ्याबरोबर चला. एक पाऊलही पुढं टाकायचं नाही."

मामींचे गुडघे दुखायचे. त्यांच्या चालीनं जाणं म्हणजे मामांना शिक्षाच. पाठीवर पाण्याचे कॅन भरलेली सॅक आणि शेजारी मामी, अशी वरात सकाळी चढावाच्या रस्त्यानं निघे. सुरुवातीला रोज भांडण. "अहो, कुठं आग लागलीय का?" मामी म्हणायच्या. मग मामांचा श्वास हळूहळू पावलांशी जुळला. चालता चालता बोलता येऊ लागलं, ऐकताही येऊ लागलं. आपली बायको इतकं छान बोलते, हे त्या भल्या माणसाला या वयात कळलं.

दुसऱ्या सरावाला शेवटच्या चढावर मामांचे पाय पुन्हा शिवशिवले. माथा समोर दिसत होता. पण बरोबरचा एक शिक्षक मागे पडून धापा टाकत होता. मामा थांबले. पाठीवर ओझं असताना, चढावर, आपणहून थांबले. त्याला पाणी दिलं, घरच्या गमतीजमती सांगत त्याच्या पावलानं पाऊल टाकत वर आणलं.

बाई वर वाटच बघत होत्या. म्हणाल्या, "शिखरावर जाताना सगळ्यात शेवटी तुम्ही चालायचं, मामा. जो मागे पडेल तो तुमच्या भरवशावर. पण ही चाल शिकवली कुणी?"

"आमच्या घरात शिकवणारी आहे," मामा म्हणाले, आणि त्यांची छाती अशी फुगली की मामींनी शिवलेले पट्टे ताणले गेले.

घरी येऊन त्यांनी हे जसंच्या तसं सांगितलं. मामी पदरानं डोळे पुसून पोळ्या लाटत राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुकानदारानं सहज विचारलं, "काय मामी, मामा निघाले म्हणे डोंगरावर?"

"निघाले तर!" मामी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "मीच तयार केलंय त्यांना."