सुतकाच्या घरी आलेली बाई

त्या केसचे सगळे कागद कन्नडमध्ये आहेत, पण मला ती आठवते मराठीतच. कारण त्यातली माणसं रडली, खोटं बोलली, खरं बोलली ती मराठीतच. बेळगावातल्या एका ठाण्यात मी तेव्हा इन्स्पेक्टर होतो. नावं कुणाचीच सांगणार नाही.

टिळकवाडीतल्या एका बंगल्यात एक निवृत्त शिक्षिका वारल्या. आमच्या भागात तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन असतं. पेपरात निधनाची बातमी येते तेव्हा खाली पत्ता आणि वेळही छापतात, कुणी चुकू नये म्हणून. सकाळी नऊला सगळं घर स्मशानात गेलं. सुतकाच्या घराला कुलूप लावत नाहीत आणि आत लावलेला दिवा विझू द्यायचा नसतो, म्हणून धाकटी सून एकटी मागे राहिली. मंडळी परतली तेव्हा बाईंच्या अंगावरून काढून रुमालात बांधून ठेवलेल्या पाटल्या आणि मोहनमाळ कपाटातून गेली होती. काही फोडलेलं नव्हतं. कपाटाची किल्ली कपाटालाच होती.

थोरल्या मुलानं फिर्याद दिली. पंचनामा चालू असताना त्याची बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, “साहेब, घरात फक्त तीच होती. तिच्या माहेरची परिस्थिती तुम्हाला माहीत नाही.”

धाकटीचं माहेर गुंजी गावचं. भाऊ बिनकामाचा. मी नुकताच एका प्रशिक्षणातून परतलो होतो. गुन्हा का घडतो यावर तिथं मोठमोठी व्याख्यानं झाली होती. करायची इच्छा असलेला माणूस, हाताला लागेल अशी वस्तू आणि राखायला कुणी नाही, या तीन गोष्टी जुळल्या की गुन्हा होतो, असं शिकवलं होतं. वहीत मी तीन वर्तुळंसुद्धा काढून आणली होती. ही सून तिन्ही वर्तुळांत चपखल बसत होती. खरं सांगतो, मला बरं वाटलं. शिकवलेलं इतकं नेमकं ठाण्यात क्वचितच उतरतं.

महिला पोलिसांकरवी तिच्या खोलीची, ट्रंकेची आणि अंगाची झडती घेतली. काही मिळालं नाही. मग दोन दिवस ठाण्यात बोलावून चौकशी केली. मारहाण नाही, शिवी नाही. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा, एवढंच. माणूस त्यानंच जास्त खचतो हे आम्हाला पक्कं ठाऊक असतं.

ती एकच गोष्ट सांगत राहिली. “एक मावशी आलत्या. लई रडल्या. मी पानी आणायला आत गेलते.”

“कोण मावशी?”

“सासूबाईंच्या शाळेतल्या असतील म्हणलं. सुतकाच्या घरात आल्या माणसाला तुमी कोण म्हणून कोण विचारतंय व्हय, सायेब?”

माझा हवालदार हसला. “चोर रडाय येतोय व्हय?” मीही हसलो. वाक्य जबाबात लिहून घेतलं आणि पुढं गेलो. एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून झालेली ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती मी हसत केली.

त्या आठवड्यात नवऱ्यानं तिला गुंजीला नेऊन सोडलं. पाच वर्षांची मुलगी टिळकवाडीतच ठेवून घेतली. शाळा बुडेल, असं कारण सांगितलं.

तीन महिन्यांनी ठाण्याचा फोन वाजला. उचगावहून एक म्हातारे आप्पा बोलत होते.

“सायेब, आमची वयनी गेली. आज रक्षा हाय. सगळी तिकडं गेल्यात, मी गुडघ्यामुळं घरात. एक बाई आलिया, गळा काढून रडतीया. लेकरास्नी कुणाच्या पदरात टाकून गेलीस म्हणतीया. अवो, आमच्या वयनीला मूलबाळच न्हवतं!”

“आता कुठं आहे ती?”

“शेजारनीनं च्या दिलाय. पीत बसलीया. तुमी या लौकर.”

आम्ही पोचलो तेव्हा ती खरोखरच बशीतून चहा पीत होती. पिशवीत निधनाच्या बातम्यांची कात्रणं निघाली, वेळेखाली पेनानं रेघ मारलेली. टिळकवाडीच्या बाईंचंही कात्रण त्यात होतं.

पन्नाशीची, निपाणीकडची. पूर्वी तंबाखूच्या वखारीत कामाला होती. अर्धा दिवस तिनं काही कबूल केलं नाही. शेवटी आमच्या महिला हवालदारानं सहज विचारलं, “मावशी, कुणाचं कोण मेलं तर तुला एवढं रडू कसं येतंय गं?”

तेव्हा ती बोलायला लागली. “माझा मालक गेला, तिसऱ्या दिवशी मी नदीवर होते. तवर दिरांनी घर धुऊन न्हेलं. डोरलं, भांडी, मालकाची चप्पल सुदीक. ठाण्यात गेलते. घरातला मामला हाय, घरात मिटवा म्हणले. चोरी केली, कबूल. रडनं खोटं न्हाय, सायेब. तिथं बसलं की मला माझंच घर दिसतंय.”

चोरांच्या रडकथा मी पुष्कळ ऐकल्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच मला खोट्या वाटतात. हिची मी तपासून पाहिली. शेजाऱ्यांना सगळं आठवत होतं. तिकडच्या ठाण्यात मात्र नोंद नव्हती, कारण कुणी लिहूनच घेतलं नव्हतं. म्हणून तिची चोरी माफ होत नाही. सराफाकडून पाटल्या हस्तगत झाल्या. मोहनमाळ वितळवून झाली होती.

कात्रणांवरून आम्ही बाकीच्या घरी गेलो. दागिने बऱ्याच ठिकाणी गेले होते, तक्रार मात्र कुणीच दिली नव्हती. प्रत्येक घराला आपला चोर आधीच सापडला होता. कुठं मोलकरीण, कुठं धाकटा भाऊ, कुठं विधवा नणंद. एका घरात तर दोन भाऊ तेव्हापासून बोलत नव्हते. त्या बाईला पकडायला एवढा वेळ का लागला, याचं उत्तर मला कुठल्याच व्याख्यानात मिळालं नव्हतं.

धाकट्या सुनेला ओळख परेडला बोलवायला मी स्वतः गुंजीला गेलो. म्हटलं, “ताई, चोर सापडली. तुमच्यावर आता काही संशय नाही. तुमचे मालकही न्यायला येतो म्हणतात.”

“मी जात न्हाय त्या घरात,” ती म्हणाली. “माझी झडती घेतली तवा माझी लेक दारात उभी होती. तुमी दार लावून घेतलं न्हवतं. माझं एकच काम करा, सायेब. तिला जाऊन सांगा, आई चोर न्हाय म्हणून. माझं ती ऐकंल, पर झडतीला तिनं बघितलंय तुमाला.”

मी शब्द दिला. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी टिळकवाडीला गेलो. ड्युटीवरून तसाच गेलो, गणवेशात. मुलगी नुकतीच शाळेतून आली होती, दप्तर पाठीवरच होतं. मला बघताच तिनं ते खाली घेतलं, चेन उघडली आणि माझ्या बुटांपुढं सगळं उपडं केलं. पुस्तकं, पट्टी, डबा. मग दोन्ही हात बाजूला पसरून ती मुकाट उभी राहिली.

जे सांगायला गेलो होतो ते मी सांगितलं, दोनदा सांगितलं. तिनं हात खाली घेतले नाहीत.