विष ताटात नव्हतं

खून-दरोडे पुष्कळ पाहिले, पण नोकरीचा विषय निघाला की मला आधी आठवते ती तिवसा भागातली एक भोईण. निवृत्त होऊन अकोल्यात राहायला आलो, तरी तिचा तो संतापलेला चेहरा विसरलेलो नाही.

सकाळची हजेरी आटोपत होती. नदीकाठच्या गावातला एक माणूस ठाण्यात शिरला आणि म्हणाला, "सायेब, माह्या भावाले त्याची बायको विष देऊन राहिली."

भाऊ मासेमारी करायचा. पोटात कळा, अंगात रक्त नाही, आता उजवा पंजाही मनगटापासून लुळा पडलेला. "दवाखान्यात ठेवला का सुधरते, घरी आनला का पुन्ना आडवा. घरात दुसरं कोन हाये?"

मुद्दा बिनतोड होता. गावानं तर निकालच देऊन टाकला होता. तिच्या हातचं पाणी कोणी घेत नव्हतं. नवरा पुन्हा अमरावतीच्या दवाखान्यात होता. स्टेशन डायरीला नोंद घेऊन मी बाईला बोलावलं. महिला शिपायासमोर जबाब सुरू झाला. मी आवाज चढवला, तर तिनं माझ्याहून चढवला.

"मी काहून देईन विष? त्याईचं झालं का त्याच ताटात मी जेवतो. मंग मले काहून काई नाई झालं? माहा नवरा वाचन का नाई, ते सांगा पयले!"

खोटं बोलणारा माणूस शपथा फार घेतो. हिनं एकही घेतली नाही. मी तिला अटक केली नाही.

दुपारी दवाखान्यातून डॉक्टरीणबाईंचा फोन आला. हिरड्यांवर काळपट निळी रेघ दिसली म्हणून त्यांनी रक्त तपासलं होतं, आणि रक्तात शिसं निघालं होतं. "बॅटरीचं, रंगाचं काही काम करतो का?" त्यांनी विचारलं.

"छे हो, मासे धरतो," मी म्हणालो. तरी पंच घेऊन घर गाठलं. पीठ, तिखट, पाणी, सगळ्यांचे नमुने सीलबंद केले. ओसरीत अर्धवट विणलेलं जाळं पडलं होतं. काठाला शिशाच्या गोळ्या आवळलेल्या. एक हातात घेऊन पाहिली, तर तिच्यावर दातांचे वण!

"हे काय रे?" मी बरोबर आलेल्या तक्रारदार भावाला विचारलं.

"जाळं बुडाले पायजे ना, सायेब. दोरीवर गोळी ठेवाची अन् दातानं दाबाची. आमचा बुढाबी असाच करे." आणि पठ्ठ्यानं दाखवायला गोळी तोंडात घातली.

"थूक आधी!" मी ओरडलो. "अरे बाबा, हेच तर विष!"

तो स्वतः नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात लागल्यापासून त्याचं जाळं सुटलं होतं. भावाचं मात्र उलट झालं. आजारपणामुळं नदी बंद, म्हणून घरी बसून तो गावभराची जाळी विणायचा. पंजा लुळा पडल्यावर सगळा भार दातांवर. दवाखान्यात जाळं नव्हतं, म्हणून तिथं तो सुधरायचा.

शिशाला धरून लघवीवाटे बाहेर काढणारं औषध असतं, त्या उपचाराला चिलेशन म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. औषध नागपूरहून मागवलं. डॉक्टरीणबाईंनी नवराबायकोला समोर बसवून सांगितलं, "शिसं हाडांत मुरलंय. रक्त साफ केलं की हाडांतून पुन्हा उतरणार, म्हणून औषध थांबून थांबून द्यावं लागेल. आणि घरी शिशाची गोळी चावलीस, तर सगळं पालथ्या घड्यावर पाणी."

बायकोनं ते मनावर घेतलं. गोळ्या पकडीनं दाबायच्या, तेही घराबाहेर. हात धुतल्याशिवाय घास नाही. औषधाच्या फेऱ्या होत गेल्या तशी पोटाची कळ गेली, तोंडावर तेज आलं. पंजा मात्र हळूहळू, व्यायामानं उचलू लागला.

चौकशी बंद करायचे कागद झाले, तेव्हा तक्रारदार भाऊ मान खाली घालून माझ्याकडे आला. "माफी मागाची होती, सायेब."

"माझी कशाला? जिच्यावर आळ घेतलास, तिची माग," मी म्हणालो, आणि त्याला घेऊन गेलो.

संशय घेणं हे आमचं कामच. पण माणूस कशानं मरतोय हे विचारण्याआधी तो दिवसभर काय करतो हे पाहावं, एवढं मी त्या घरात शिकलो.

भाऊ दारातच रडू लागला. ती आत गेली, ताट वाढून आणलं आणि त्याच्यापुढं ठेवलं. गल्ली बघत होती.

"जेवा दादा," ती म्हणाली.

तो बसला, भाकरी मोडली आणि सगळ्यांच्या देखत पहिला घास खाल्ला.