पाइप आणि वायर

"अहो, ही नस रक्ताची नाही," नागपूरचे न्यूरोलॉजिस्ट म्हणाले आणि माझं तोवरचं सगळं उपचारपर्व एका वाक्यात निकालात निघालं.

माझ्या उजव्या कोपराशी अल्नर नर्व्ह दबली होती. कोपर दाराला आपटलं की करंगळीपर्यंत झटका जातो ना, तीच ही. आजाराचं नाव क्युबिटल टनल सिंड्रोम. म्हणजे कोपराच्या हाडामागच्या अरुंद वाटेत ती चेपली जाते.

सडक अर्जुनीला माझं हार्डवेअरचं दुकान आहे. आधी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायचं. मग एका संध्याकाळी शटरच्या कुलपात किल्ली फिरेना. कुलपात तेल घातलं. कुलूप चांगलंच होतं.

गोंदियाच्या डॉक्टरांनी हात पाहिला आणि सांगितलं, "नस दबी है, कोहनी में. नागपूरला दाखवा."

थोडक्यात, निदान पहिल्याच दिवशी बरोबर झालं होतं. ते आमच्या घरी पोचेपर्यंत बिघडलं.

सोबत फुलचूरचा माझा थोरला भाऊ होता. "नस दबली म्हंजे रक्त चालून नाही राह्यलं," तो म्हणाला. मलाही पटलं. नस म्हटलं की डोळ्यांसमोर मनगटावरची निळी रेघ येते. मज्जातंतू हा शब्द मी पुस्तकांत खूपदा वाचला आहे, पण तो कोणाला दुखल्याचं ऐकलं नव्हतं.

मग नागपूर गाठलं ते हृदयाच्या इस्पितळासाठी. दारात कारंजं, आत संस्थापकांचा दारापेक्षा उंच फोटो. ईसीजी, इको आणि डॉपलर, म्हणजे रक्त कसं वाहतं ते ध्वनिलहरींनी पाहणं, सगळं नॉर्मल. करंगळीबद्दल मी बोललो, पण ती त्यांच्या विभागात येत नव्हती. भावाने पेढे वाटले.

पुढे कोहमाऱ्याजवळचा नस मोकळी करणारा माणूस गाठला. तो कोपरात अंगठा रुतवायचा. मी कळवळलो की भाऊ खूश. "रस्ता खुला होऊन राह्यला," म्हणायचा.

तोवर अंगठ्यामागचं मांस बसत चाललं होतं. चिमटीत नट धरता येईना. माझी बायको सुलोचना एकदा माझा हात उताणा-पालथा करून बघत राहिली. "अजी, हा हात वाळून राह्यला," ती म्हणाली. "आता कोनाचं आयकू नोका."

तेव्हा कुठे न्यूरोलॉजिस्ट. नर्व्ह कंडक्शन टेस्ट झाली. त्वचेवर विजेचे बारीक झटके देऊन संदेश किती वेगाने जातो ते मोजतात. माझा कोपरापर्यंत नीट यायचा आणि तिथे रेंगाळायचा.

"कोपर टेकून बसता का?"

बसतो. काउंटरवर, हनुवटी तळव्यात, पुढ्यात पुस्तक. इतकी वर्षं असाच बसलो. भाऊ लगेच म्हणाला, "वाचून कोनाचं भलं झालं आहे, बापा!"

डॉक्टरांनी समजावलं, "रक्ताची नस म्हणजे पाइप. ही नस म्हणजे वायर. वायर कोणी चोळतं का?"

माझ्या दुकानात पाइप डाव्या भिंतीला आणि वायर उजव्या. कोणी वायर मागून पाइप नेला असता, तर त्याची गोष्ट मी वर्षभर सांगितली असती.

"ऑपरेशन करून उरलेलं वाचवू," डॉक्टर म्हणाले. "गेलेलं परत येईल असं मी म्हणत नाही."

तसंच झालं. वायर मोकळी झाली. बधिरपणा कमी झाला, चिमटी आली नाही. आभार मानायचे तर गोंदियाच्या त्या डॉक्टरांचे. त्यांचं आम्ही नीट ऐकलं असतं, तर किल्ली आज माझ्या हातात असती. तुम्हाला कोणी नस दबली म्हणालं, तर उठण्याआधी विचारा, पाइप की वायर?

आता शटरला कुलूप सुलोचना लावते. ती आत आवरत असते तोवर मी काउंटरवर पान-दोन पानं वाचतो. परवा तिने दारातूनच पाहिलं.

"वाचा जी," ती म्हणाली, "पन कोपर उचला."

मी उचललं, पान संपवून बाहेर आलो. तिने शटर ओढून किल्ली फिरवली. एका झटक्यात फिरली.